भाग्यश्रीला गणित शिकवताना

३ जानेवारी, पहाटे ५.३०
ठरलं. लिंग्विस्टिक्समध्ये एम.ए. केलेला माणूस कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्सला जाणार नाही तर कोण जाणार? भाषा मला येते, ती कॉम्प्युटरला शिकवायची, एवढंच. पायथन तीस दिवस, गणित पंधरा दिवस. मेमध्ये हैदराबादची प्रवेशपरीक्षा. एम.ए.ला बरोबर असलेली भैंसा गावची भाग्यश्रीही बसतेय. तिचं गणित कच्चं आहे, मीच शिकवीन. दोघांचा नंबर लागला की मनातलं सांगून टाकायचं. तिला माहीत असणारच म्हणा.

८ जानेवारी
व्हाइटबोर्ड आणला. तीन रंगांचे मार्कर. टाइमटेबल आखण्यात चार दिवस गेले, पण पाया पक्का हवा.

१९ जानेवारी
पायथन, धडा तिसरा. प्रोग्रॅम सुरू झाला तो थांबेचना. लॅपटॉपच बंद केला. रॅम कमी आहे, माझी चूक नाही.
भाग्यश्रीचा मेसेज. तिचा प्रोग्रॅम मराठी-तेलुगू मिसळलेली वाक्यं ओळखतो म्हणे. शाबास म्हणालो. घाई करतेय पोरगी.

११ फेब्रुवारी
भाग्यश्री बस बदलत बदलत बोथला आली, आमच्या घरी. आई चहा ठेवायला आत गेली तसं तिने विचारलं, मला काही सांगायचं आहे का. घरचे तिच्यासाठी स्थळं पाहतायत. मी तासभर मॅट्रिक्स समजावलं. मध्ये अडकलो, तर पुढचं तिनेच सोडवून दाखवलं. माझी शिकवण्याची पद्धत लागू पडतेय. चहा मात्र तिने अर्धाच घेतला.

२८ फेब्रुवारी
फॉर्मचा शेवटचा दिवस. बाबा तहसीलमधून रिटायर झाले, पण तारखांची सवय गेली नाही. "फारम भरला काय?" असं सकाळपासून चारदा विचारून झालं. अर्धवट तयारीने बसण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी दणक्यात. भाग्यश्रीही थांबेल. एकटी कशी जाईल?

२१ जुलै
एकटी गेली. पहिल्या यादीत नंबर लागला तिचा. निर्मलला बस बदलणार होती, तिथवर जाऊन भेटायचं ठरवलं होतं. शर्टाला इस्त्री होईपर्यंत उशीर झाला.

२३ जुलै
जेवण जात नाही. पाणी बाधलं असावं.

२ नोव्हेंबर
भाग्यश्री आली होती. मला वाटलं, प्रोजेक्टसाठी सल्ला हवा असेल. हातात रेकॉर्डर. तेलंगणाच्या सीमेवरची मराठी गोळा करतेय, आणि मी हवा होतो तो फक्त बोलणारा म्हणून. फॉर्मवर लिहिलं, बोलणारा क्रमांक सात. आयुष्यातली कोणतीही गोष्ट पाच मिनिटं सांगायची.
मी छान शुद्ध भाषेत सुरुवात केली. तिने रेकॉर्डर थांबवला.
"असं नाई. घरी जसा बोलतो तसा बोल."
मग बोललो. फेब्रुवारीतला तो दिवस सांगितला. "तुले सांगाचं होतं, पन मी मॅट्रिक्स शिकवत बसलो. मले तू पायजे होती. अजून पायजे." एकदाही अडखळलो नाही. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.
तिने रेकॉर्डर बंद केला. मग म्हणाली, "रविवारी पाहुने येऊन राह्यले मले पाहाले. त्याईले काय सांगू? तू सांग."
आणि मी म्हणालो, दोन दिवस दे, व्यवस्थित विचार करून कळवतो.
असं का म्हणालो, मला खरंच माहीत नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोरच ते रेकॉर्डिंग पुसलं. सात नंबरवरचं माझं नाव खोडलं आणि स्वयंपाकघराकडे वळून आईला विचारलं, "मावशी, तुमी बोलता का पाच मिनिटं?"
आई पदराला हात पुसत आली आणि चांगली अर्धा तास बोलली. मी आतल्या खोलीत रडत होतो. मोठ्याने रडता येईना, बाहेर रेकॉर्डिंग चालू होतं.