सांजचा दिवा आणि लाल स्प्रे

बुधवार, संध्याकाळ

छोट्या मॉडेल कारच्या बॉडीवर आज पहिल्यांदाच लाल रंगाचा स्प्रे मारत होतो. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. खोलीभर लाल वाफ झाली, आणि दार ढकलून आई आत आली. हातात दिवेलागणीचा दिवा.

"काऊन रे, कायचा वास येऊन राह्यला?"

ज्योत हलली. माझ्याकडे झुकली का? मी फुंकर मारून दिवा विझवला.

"सांजचा दिवा फुंकते का कोणी?" आई रडवेली झाली.

स्प्रेची वाफ ज्योतीनं पेट घेते, खोली पेटली असती, हे सांगितलं. पण तिला भीती अपशकुनाची. तिनं देवापुढे दिवा परत लावलाय, रात्रभर विझू देणार नाही म्हणते.

खिडक्या उघडल्यात, तरी वास पुरता गेला नाही; मी मागची खोली आणि देवाच्या मधल्या दारात बसलोय. मागे तो वास, पुढे ती ज्योत.