घर सोडण्याची तयारी

१० एप्रिल १९७४. सकाळी आठ.
आजपासून रोजनिशी. याआधीच्या तीन वह्या चार, नऊ आणि दोन दिवस चालल्या, पण तेव्हा आयुष्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. काल वडीगोद्रीच्या तंबूत पिक्चर पाहिला, पाचव्यांदा. गिरणीमालकाचा मुलगा, मोळीविक्याची मुलगी. तो कॉलेजात, ती अनवाणी. बाप म्हणतो, ही पोरगी या घरात आली तर माझं मेलेलं तोंड बघशील. मुलगा अंगातला कोट काढून बापाच्या पायाशी फेकतो आणि मोटारसायकलवर तिला घेऊन निघून जातो. तिथंच पिक्चर संपतो. म्हणजे पुढं एक रीळ आहे, पण ते मागच्या मुक्कामात जळालं. मला त्याची गरज वाटत नाही.

बायकांच्या बाजूला रामकिसन गुरुजींची सत्यशीला बसली होती. कोट फेकला तेव्हा सगळा तंबू रडत होता. ती एकटी हसली. हसताना मधल्या कनातीच्या फटीतून तिने माझ्याकडे पाहिलं. फट चार बोटांची होती, पण तेवढी पुरे.

११ एप्रिल.
विचार केला. सगळं बराबर जुळतं. आमची साठ एकर, ट्रॅक्टर, आणि वडील, म्हणजे तात्या, त्यांचा गावात शब्द. तिचे वडील शाळामास्तर, बौद्ध, राहणार ओढ्यापलीकडे. मी श्रीमंत, ती गरीब. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, आम्ही एका वर्गात. ती पहिल्यांदा, मी तिसऱ्यांदा.

अडचण एकच. पिक्चरमध्ये कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. इथं आधी तेच विचारतात. पण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, त्यामुळे माझ्या बाजूने ही अडचण आजच मिटली.

गुरुजी शाळेच्या कामाला आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा चहा वेगळ्या कपात होतो. तो कप गोठ्यातल्या कोनाड्यात असतो. उद्या फोडणार.

१२ एप्रिल.
कप फोडला नाही. गोठ्यात गेलो होतो. पण एक कप फोडून काय होणार? मुळावर घाव घालायला हवा. शिवाय आई म्हैस पिळत बसली होती.

१५ एप्रिल. दुपार.
सत्यशीलेची भूगोलाची वही माझ्याकडे जानेवारीपासून पडून होती. ती परत करायच्या निमित्ताने गुरुजींच्या घरी गेलो. घर बघून जरा विरस झाला. झोपडी नाही. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीला घड्याळ, फळीभर पुस्तकं, रेडिओ. अशाने कथेचा जोर कमी होतो. पण पत्रे तापलेले होते, त्यावर समाधान मानलं.

पाणी मागितलं आणि प्यायलो. सगळा तांब्या. हे गावात आजवर कुणी केलं नसेल. सत्यशीला म्हणाली, आणखी आणू का? मी म्हणालो, हवं तेवढं आण. ती म्हणाली, वही जानेवारीत दिली असती तर परीक्षेला उपयोग झाला असता. रुसणं हे पहिलं लक्षण.

आईला पाण्याचं सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

२२ एप्रिल.
घर सोडल्यावर गरिबीत राहावं लागणार, तेव्हा आतापासून प्रॅक्टिस सुरू. काल सतरंजीशिवाय झोपलो. पहाटे बघतो तर आईने खाली गादी सरकवलेली. आज कोरडी भाकरी मागितली. आईने कोरडीच दिली, पण तिच्या आत लोणी.

म्हणून सडकेच्या कामावर गेलो, खडी फोडायला. गोजरबाई नावाची म्हातारी तिथं रोजाने आहे, तिने हातोडा दिला. वीस मिनिटांत तळहाताला दोन फोड. गोजरबाई म्हणाली, पाटील, तुमचा खेळ झाला आसंल तर हातोडा द्या, माझी रास राह्यली. सगळ्या बाया हसल्या. वीस मिनिटं म्हणजे सुरुवातीला वाईट नाही. फोड बसले की पुन्हा जाणार.

३ मे.
फोड बसले. ऊन फार आहे.

५ मे. रविवार. पिंपळगाव रेणुकाईहून परत.
माझ्या परीक्षेसाठी तात्या नवस बोलले होते म्हणून आम्ही रेणुकाईच्या दर्शनाला गेलो. तीन एसट्या बदलून. वाटभर मी तात्यांशी करायचं भाषण मनात पाठ करत होतो, त्यामुळे बाकी कुठं लक्ष नव्हतं.

दर्शन झाल्यावर तात्यांचे ओळखीचे बद्रीनाथराव म्हणून आहेत, ते घरी घेऊन गेले. तिथं बराच मान झाला. मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकवाचा टिळा लावला, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. एका म्हाताऱ्याने सुपारी फोडली आणि सगळे एकदम बोलायला लागले. देवीच्या गावचे लोक भाविक. नवसाला आलेल्याला इतका मान मी कुठं पाहिला नव्हता. एका मुलीने पाणी आणून दिलं. मी मान वर केली नाही, कारण माझं मन दुसरीकडे दिलेलं आहे. त्याचंही सगळ्यांना कौतुक वाटलं. गरीब गाय आहे पोरगं, असं एक बाई म्हणाल्या. चार जिलब्या खाल्ल्या.

येताना एसटीत तात्या खूश होते. भाषण करायची हीच वेळ, असं वाटलं. पण खिडकीतून धूळ येत होती.

१९ मे.
तंबू उठला. शेवटच्या दिवशी सातव्यांदा पाहिला. ती आली नव्हती. अभ्यास करत असणार. परीक्षा होऊन दोन महिने झाले, हे नंतर लक्षात आलं.

२७ मे. सकाळी अकरा.
जालन्याहून लग्नपत्रिकांचा गठ्ठा आला. वरची पत्रिका वाचली. चि. मच्छिंद्र आणि चि. सौ. कां. शिवकन्या, सतरा जून. मच्छिंद्र नावाचे आपल्या भावकीत आणखी कोण, ते आठवत बसलो. मग बापाचं नाव वाचलं. मग गावाचं.

दुपारी तीन.
सायकल दुकानवाल्या संपतकडे गेलो. त्याला पिंपळगावचं सगळं सांगितलं. तो पंक्चर काढायचं सोडून माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, टिळा लागला, टोपी घातली, सुपारी फुटली, आन् तुला वाटलं देवीचा मान? आरं, तुझी सोयरीक झाली. पाणी कुनी दिलं व्हतं? मी म्हणालो, मी पाहिलं नाही. तो म्हणाला, मंग सतरा तारखेला पाह्य.

संपत साधा माणूस आहे. त्याला लढा कळत नाही.

२८ मे.
तात्यांना सांगितलं. भाषणातलं पहिलं वाक्य नीट आलं, दुसरं आठवलं नाही, म्हणून नुसतं म्हणालो की मला हे लग्न करायचं नाही. तात्या पान लावत होते. त्यांनी आरडाओरडा करायला हवा होता. मेलेल्या तोंडाचं काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, बरं. जेवून घे आधी. रिकाम्या पोटी न्हाई म्हणू न्हाई.

आमरण उपोषण सुरू. सकाळी नऊपासून.

तोच दिवस. संध्याकाळ.
पिठलं होतं. वासावर जायचं नाही असं ठरवलं होतं, पण आई ताट घेऊन खोलीत आली आणि शेजारी बसून राहिली. काही बोलली नाही. बोलली असती तर मी नाही म्हणालो असतो.

पिक्चरमध्ये बाप मुलाला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावतो. आमच्या खोलीच्या दाराला कडीसुद्धा नाही. कुलूप असतं तर तोडलं असतं. उघड्या दाराचं काय करायचं?

४ जून.
तात्यांनी पत्रिका वाटायचं काम माझ्याकडेच दिलं. म्हणाले, तुझ्या दोस्ताची सायकल हायेच. परवापासून अकरा गावं झाली. जाईन तिथं चहा, आणि नवरदेव म्हणून पाठीवर थाप. याचा अर्थ मी हार मानली असा नाही. शत्रूच्या गोटात राहिल्याशिवाय बातमी कळत नाही. आणि वाटण्यात चूक व्हायला नको, तात्या रागावतात.

६ जून.
निकाल. सत्यशीला फर्स्ट क्लास, केंद्रात पहिली. गणितात शंभरपैकी एक्याण्णव. मला गणितात एकोणीस. माझं वयही एकोणीस, हा योगायोग. हिरो पास झालेला कुठल्याही पिक्चरमध्ये दाखवत नाहीत.

९ जून. रविवार.
पत्रिका द्यायच्या यादीत गुरुजींचं नाव होतं. शेवटून तिसरं. मुद्दाम ते घर शेवटी ठेवलं. गुरुजी बाहेर गेले होते. सत्यशीला ओट्यावर पेटीला रंग देत होती. तिने हात पुसून पत्रिका घेतली, वाचली आणि अभिनंदन म्हणाली.

मग मी बोललो. सगळं बोललो. चार बोटांची फट, कोट फेकणं, साठ एकरांवर लाथ मारणं, खडी फोडायची प्रॅक्टिस. ती ऐकत होती. मध्ये एकदा ब्रश वाळू नये म्हणून डब्यात बुडवला.

मग ती म्हणाली, मच्छिंद्रदादा, मी त्या दिवशी हसले, कारण त्यानं कोट फेकला खरा, पण बापाची मोटारसायकल घेऊन गेला. आन् पुढचं रीळ तर तुम्ही पाह्यलंच न्हाई. मग पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाली, इथं सहकुटुंब लिव्हलंय. आम्ही सहकुटुंब आलो तर आमची पंगत कुठं बसंल, सगळ्यांसंगं का गोठ्याकडं? माझे वडील काही इचारत न्हाईत. मी इचारते.

मी म्हणालो, तात्यांना विचारून सांगतो.

तिने पत्रिका मिटली. मग म्हणाली, बघा, हे पण त्यांनाच इचारून. पंधरा तारखेला मी औरंगाबादला जाते. कॉलेजात नाव लागलं, वसतिगृहात जागा मिळाली. दुपारची बीडहून येणारी गाडी.

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. मन भरून आलं होतं. तारीख सांगितली, गाडी सांगितली. मुलगी याहून उघड काय बोलणार?

११ जून.
पंगतीचं विचारलं नाही. मी पंधरा तारखेला जाणारच आहे, तर विचारून वाईटपणा कशाला घ्यायचा?

१३ जून.
बॅग भरली. दोन शर्ट, टॉर्च, मोती साबण, ही वही. कोटही घेतला, तिथं गेल्यावर फेकायला. औरंगाबादला उतरल्यावर काय करायचं याचा विचार करायला बसलो. अर्धा तास झाला तरी औरंगाबाद स्टँडच्या पुढं काही दिसेना. आयुष्यात प्रथमच मला भीती वाटली. हे मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहितो.

आई आली, बॅग पाहिली. म्हणाली, लग्नानंतर देवदर्शनाला जायची तयारी का? शहाणं माझं लेकरू. आणि आत बुंदीच्या लाडवांचा डबा ठेवून गेली.

१५ जून. दुपारी साडेचार.
अंगणात मांडव घालत होते. त्या गडबडीतून मागच्या दाराने निघालो. कुणी अडवलं नाही. स्टँडवर सत्यशीला आणि गुरुजी होते, सोबत ती रंगवलेली पेटी. हिरवा रंग. गाडी आली. सत्यशीलेने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. म्हणाली, मच्छिंद्रदादा, तेवढी पेटी टपावर चढवता का? वडिलांची कंबर धरलीय.

पेटी घेऊन शिडीने वर गेलो. जड होती, सगळी पुस्तकं. टपावर आधीच दोन मोठ्या कढया आणि एक पातेलं बांधलेलं होतं. पेटी ठेवत होतो तोच खालून तात्यांचा आवाज आला. तात्या स्टँडवर. तेही रागावून नाही. म्हणाले, बराबर टायमाला आलास. गेवराईचा आचारी ह्याच गाडीनं आलाय. त्या कढया दे खाली.

मी वर उभा होतो. पायाखाली एसटी, औरंगाबादला जाणारी. आत सत्यशीला खिडकीपाशी बसली होती. बॅग खाली तात्यांच्या पायाशी. एवढंच म्हणायचं होतं की तात्या, मी चाललो. तोंड उघडलं होतं मी. तात्यांनी हात वर केले होते.

दोरी सोडली आणि पहिली कढई त्यांच्या हातात दिली. मग दुसरी. मग पातेलं. कंडक्टर ओरडला, उतरा, उशीर होऊन राह्यला. उतरलो. घंटी झाली. गुरुजी खिडकीशी उभे राहून डोळे पुसत होते आणि ती त्यांचा हात धरून हसत होती. मला वाटलं होतं शेवटी एकदा तरी बघेल. तिने पुढं पाहिलं, रस्त्याकडे. तिला कुठल्याच दाराची अडचण नव्हती. मला तिचा राग आला, आणि मग फार रडू आलं. मोठी कढई उचलून धरली, तिच्याआड ते दिसलं नाही.

तात्यांनी विचारलं, बॅगेत काय? मी म्हणालो, धोब्याकडं टाकायचे कपडे. ते म्हणाले, जल्दी टाकून ये मंग. पण आधी ह्यांना घरी ने. आचाऱ्याने त्याचे झारे माझ्या बॅगेत कोंबले.

मोठी कढई डोक्यावर घेऊन मी पुढं आणि आचारी मागं, असे घराकडे निघालो. माणूस बोलका होता. माणसं किती, बुंदी किती काढायची, सगळं विचारत होता. मांडव दिसायला लागला तेव्हा त्याने विचारलं, नवरदेव कोन हाये?

मी म्हणालो, मीच.