जाडं, बारकं आणि बोगद्यातली गाडी

अहो,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तसं तुम्हाला कधी म्हटलं नाही. लग्न झाल्यापासून 'अहो'वर भागलं, आताही भागेल.

पत्र लिहायला बसले कारण मला भीती वाटते आहे. गच्चीवरच्या तुमच्या खोलीची चावी सकाळपासून ओट्यावर काढून ठेवली आहे. दोनदा हातात घेतली, दोनदा परत ठेवली. तुम्ही गेल्यापासून ती खोली मी उघडलेली नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेव्हासुद्धा त्या दाराकडे पाठ करूनच दोरीवर चिमटे लावते. पण आज आत जायलाच हवं, आणि का जायला हवं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्याने जिना चढवणार नाही.

काल रफिकभाई आले होते. तुमच्या खेळातल्या रेल्वेच्या त्या बोटभर इंजिनाचं पोट उघडायची हिंमत अख्ख्या जळगावात या एका घड्याळवाल्याने केली, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. चहा घेतला, तुमच्या फोटोकडे बघत बसले आणि उठताना म्हणाले, "भाभी, भाऊंचं इंजिन असं बंद नका ठेवू. आतलं ग्रीस सुकून जातं. मग ते चालणार नाही, आणि का चालत नाही तेही नाही समजणार."

ते काय बोलून गेले, ते त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहिले.

हेच मी आठवड्यापूर्वी तुमच्या त्या बारक्या मासिकात वाचलं होतं. हो, वाचते मी. हसू नका. तुम्ही गेलात तरी तुमची दोन्ही मासिकं येतच आहेत, पोस्टमन फाटकातून आत सरकवून जातो. आधी पाकीटसुद्धा न फोडता कपाटात ठेवायचे. मग एका दुपारी शब्दकोश घेऊन बसले. जन्मभर चौथीच्या पोरांना मराठीत शिकवलं, त्यामुळे इंग्रजी वाक्य तांदूळ निवडल्यासारखं एकेक शब्द करत वाचावं लागतं. पण आता मला जाडं आणि बारकं यांतला फरक तुमच्याहून जास्त कळतो असं म्हटलं, तर रागावू नका.

जाडं म्हणजे नुसता थाट. गुळगुळीत कागद, पानापानावर डोंगर, दऱ्या, लोखंडी पूल, आणि ज्यांच्या तळघरात आपली कॉलनी मावेल अशा माणसांच्या रेल्वे. त्यात कोणाचं कधी काही बिघडत नाही. बारकं मात्र फक्त तुमच्यासारख्या लहान मापाच्या गाड्यावाल्यांचं. निम्मं मासिक वाचकांच्या पत्रांनी भरलेलं, आणि जो तो आपलं काय फसलं ते सांगतो. कोणाच्या पुलावर मांजर झोपलं, कोणी स्टेशन उलटं चिकटवलं. तुमचा जीव जाड्यावर. बारकं तुम्ही अडलात की उघडायचात, तेही बिघडून झाल्यावर.

आता तो डोंगरच घ्या. जामनेरच्या छोट्या गाडीच्या वाटेवर बोगदा कुठे होता हो? लहानपणी तुम्ही तिच्यातून मामाच्या गावाला जायचात, त्या वाटेला कपाशी आणि केळी. ती खरी गाडी बंद झाली त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर पलंगाएवढी फळी टाकून बसलात. शेंदुर्णीचं स्टेशन केलंत, पहूरचं केलंत, तिथवर ठीक. पण जाड्यात प्रत्येकाच्या रुळावर डोंगर, म्हणून आपल्याही रुळावर डोंगर. मी हसले तर म्हणालात, "तुह्या माहेरचा डोंगर हाय वं, साक्रीकडचा. तुह्यासाठीच ठेवला."

बोगद्यात हात घालायला मागून जागा ठेवा, असं बारकं सांगत होतं. तुम्ही ते वाचलंत डोंगर भिंतीला चिकटून पक्का वाळल्यावर. मग फळी आणि भिंतीच्या मधल्या फटीतून कशीबशी करवत घालून वाटीएवढं भोक पाडलंत. त्यातून तुमचा हात जाईना. माझा गेला.

जुन्या डब्यांनी गाडी कधी अडकली नव्हती. तो निळा डबा आला आणि रोजची कटकट सुरू झाली. बोगद्याचं माप तुम्ही घेतलं जाड्यातून, आणि डबा मागवलात बारक्यातली जाहिरात बघून. दोन मासिकं दोन देशांची. रुळांची रुंदी दोघांची सारखी, त्यामुळे डबा रुळावर बसला छान. पण बारक्याच्या देशात डबे जरा मोठ्या मापाचे करतात, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. त्याचं छत बोगद्याला घासायचं, गाडी आत अडकायची, आणि तुमची हाक जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात यायची, "अडकली वं, ये लवकर, बांगड्या काढून ये!" मी गॅस बारीक करून यायचे, बांगड्या काढून खिडकीत ठेवायचे, भोकात हात घालून डबा मागे ओढायचे. तुम्ही शेजारी बॅटरी धरून उभे. मी म्हणायचे, छत थोडं घासून घ्या ना. तुम्ही म्हणायचात, "नवा डबा खराब करू का?" असं किती दिवस चाललं.

दुसऱ्याही एका कारणाने गाडी बोगद्यात थांबायची, ते तुम्हाला मी काय सांगायचं. ही युक्ती मात्र बारक्याची. गाडी बोगद्यात शिरली की लगेच बाहेर काढायची नाही, थोडी आत थांबवायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं ती फार लांब जाऊन आली. तुम्ही हे चहाला जोडून टाकलंत. चहाची वेळ झाली की गाडी आत घालायची, बटण बंद करायचं आणि खुर्चीत टेकायचं. कोणी विचारलं तर, "पहूरला गेली, येईल आता." कप रिकामा झाला की बटण फिरवायचं आणि गाडी पलीकडच्या तोंडातून बाहेर.

त्या दिवशी मी चहा घेऊन वर आले तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात, मान छातीवर, आणि फळीवर गाडी नव्हती. मला आधी वाटलं डोळा लागला. नंतर घरात कोण आलं, प्लग कोणी ओढला, बटण कोणी फिरवलं, मला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, त्यांना कळलंही नसेल. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असतील ना?

कारण त्याआधी मी खाली मिक्सर लावला होता. शेवभाजीचं वाटण होतं. कांदा-खोबरं फिरताना त्याचा केवढा आवाज होतो, तुम्हीच म्हणायचात की हा चालू असताना चोर घर उचलून नेतील.

आता मला सांगा, गाडी आत का होती? तुम्ही ती थांबवलीत आणि चहाची वाट बघत बसलात? की तो मेला निळा डबा पुन्हा अडकला, तुम्ही घाईने उठलात, छातीत कळ आली, खुर्चीत कोसळलात, मला हाक मारलीत, परत मारलीत, आणि मी खाली मिक्सर फिरवत राहिले?

हे मी कोणालाच विचारलं नाही. मिक्सर फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, तेव्हापासून खलबत्त्यात कुटते. शेजारी कोणाकडे मिक्सर लागला की माझे हात थांबतात. आवाज बंद होईपर्यंत मी कान देऊन उभी राहते, त्याच्याआड कोणी बोलावतंय का ते ऐकत. अक्का साक्रीहून फोन करते, "तठे आते काय शे तुनं? बठ्ठं इकी टाक नि आठे ई जाय." सगळं विकून तिच्याकडे निघून ये म्हणते. मूलबाळ नाही, एकटी बाई, तिला काळजी वाटते. मी हो हो म्हणते. माझं इथे काय उरलंय ते तिला कसं सांगू? एक गाडी आहे, आणि ती थांबली आहे की अडकली आहे ते बघायचं राहिलं आहे.

इतके दिवस न बघण्यातच जरा सुटका वाटायची. निदान खात्री तरी नव्हती. पण ग्रीस सुकलं तर? बटण फिरवून इंजिन हललं नाही, तर दोष ग्रीसचा की डब्याचा, हे मला कसं कळणार? मग ती हाक जन्मभर माझ्या कानात राहील, आणि ती खरी की खोटी हेही कळायचं नाही. त्या भोकातून हात घालून चाचपता येईल, पण चाचपून जे लागेल त्याचीच तर भीती आहे.

म्हणून आज. देवापुढे दिवा लावला आहे. चावी घेते.

आता वरून लिहिते आहे. तुमच्या टेबलावर धूळ पुसून कागद ठेवला आहे.

दार उघडलं तेव्हा आत काहीच बदललेलं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. चष्मा तिथेच, खुर्ची तिथेच. मी खुर्चीला वळसा घालून गेले. प्लग लावला. तो छोटा लाल दिवा लागला. बटण फिरवलं, तुम्ही फिरवायचात तसं हळू. डोंगरातून नुसती गुणगुण आली. गाडी नाही. आणखी फिरवलं, गुणगुण वाढली. गाडी नाहीच.

बटण कसंबसं मागे घेतलं आणि खाली फरशीवर बसले हो. अडकली होती. म्हणजे तुम्ही हाक मारली होती. मिक्सर माळ्यावर गुंडाळून पडलेला, पण मला तो तिथे, त्या खोलीत ऐकू यायला लागला. कानांवर हात ठेवले तरी थांबेना.

मग उठले, आणि सवयीने खिडकीपाशी जाऊन मनगटाला हात लावला. बांगड्या काढायला. त्या तर तुमच्याबरोबरच गेल्या. काढायचं काही राहिलंच नव्हतं, तसाच हात भोकात घातला.

जाळी लागली, धूळ लागली. मग इंजिन. त्याच्यामागे पहिला डबा. त्याच्या छतावरून बोट पुढे नेलं तर वर जागा होती, बोट सहज सरकलं. दुसरा डबा, तसाच. तिसरा. आणि त्याच्यामागे नुसता रूळ. निळा डबा गाडीत नव्हता.

मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. तेच, तुमचे जुने बुटके डबे, एकही कुठे टेकलेला नाही. मग तो मेला गेला कुठे? टेबलाचा खण ओढला. तिथे काचकागदाच्या तुकड्यावर तो पालथा पडला होता, छत अर्धं घासलेलं, खाली निळी पूड. घासायला घेतला होतात तर. शेवटी माझं ऐकलंत, आणि मला सांगितलं मात्र नाहीत. काय म्हणावं तुम्हाला!

गाडी अडकली नव्हती. तुम्ही ती आत घातलीत, बटण बंद केलंत आणि खुर्चीत टेकलात. हाक मारलीच नव्हतीत. इंजिन आज हललं नाही ते ग्रीसमुळे. हे वाक्य मी मघापासून मोठ्याने म्हणते आहे, एकटीच.

बारक्यात एकाने लिहिलंय, अशा इंजिनाला बटण सुरू ठेवून मागून बोटाने अलगद रेटा द्यावा. बटण थोडं फिरवून ठेवलं, हात परत आत घातला, रेटा दिला. कुरकुरलं. परत दिला. मग ते माझ्या बोटाखालून निसटलं. मान वळवून बघते तर पलीकडच्या तोंडातून इंजिन बाहेर येत होतं, कपाळावर जाळं घेऊन, मागे तिन्ही डबे. पहूरच्या स्टेशनात शिरलं, पुढे निघालं. मी तशीच, एक हात डोंगरात घालून, रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते.

भीती गेली असं नाही म्हणणार. एक गेली, तिच्या जागी दुसरी आली. त्या दिवशी चहाला उशीर झाला होता. आधी वाटण करून घेऊ म्हटलं, मग आधण ठेवलं. म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. पण माझ्या चहाची वाट तुम्ही जन्मभर बघितलीत आणि कधी चकार शब्द काढला नाहीत, तेव्हा एवढी भीती घेऊन मला राहता येईल असं वाटतं.

अक्काला आज सांगते, येत नाही म्हणून. इंजिन रफिकभाईंना देते. मिक्सर खाली काढते. बारकं चालू ठेवीन, जाड्याचं बघू, चित्रं मात्र छान असतात. निळ्या डब्याचं उरलेलं छत मी घासीन, काचकागद खणात आहेच. आणि रोज चहाच्या वेळी वर येऊन गाडी बोगद्यात थांबवीन. कप रिकामा झाला की बटण फिरवीन, आणि ती बाहेर आल्याशिवाय एकदाही जिना उतरणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमन