कुंकवाखालची फ्लॉपी

शनिवार, २२ ऑक्टोबर १९८८, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. घरात कॉम्प्युटर एक आणि त्यात बिऱ्हाडं दोन! माझा प्रबंध सीपीएम नावाच्या प्रणालीवर, सुरेशभाऊजींच्या काटोलच्या संत्र्यांचा हिशेब डॉस नावाच्या दुसरीवर. ज्याच्या फ्लॉपीनं मशीन सुरू करावं, त्याचं ते होतं. मग दुसऱ्याची फ्लॉपी त्याला वाचताच येत नाही.

परवा दसऱ्याला सासूबाईंनी मशीनची पूजा केली. फ्लॉप्यांचीसुद्धा! प्रत्येकीच्या लेबलवर ओलं कुंकू. नावं पार बुडाली.

आज भाऊजींनी माझीच फ्लॉपी डॉसमध्ये घातली आणि कोरी करून टाकली. वर म्हणतात, "वहिनी, वाचूनच नव्हती राहिली. मले वाटलं, खराब आहे." अख्खं तिसरं प्रकरण! काय काय बोलले मी त्यांना. त्यांनी चहालाही हात लावला नाही. सासूबाई मात्र शांत. "एका घरात दोन चुली मांडल्या का असंच होते वं."

आणि कुंकू कुणी लावलं?

मग आठवलं, काल मी त्याच प्रकरणाची नक्कल काढली होती. एक फ्लॉपी वाचली जात नव्हती, म्हणजे नवीनच असणार, असं धरून आधी फॉरमॅट केली होती, म्हणजे पार पुसून घेतली होती. आत्ता लावून पाहिली. प्रकरण शाबूत! जीव भांड्यात पडला. सहज नखानं कुंकू खरवडलं. खाली भाऊजींचं अक्षर: 'काटोल, यंदाची संत्री'.

ते अजून बाहेरच्या खोलीत मान खाली घालून बसलेत. आता कोणत्या तोंडानं हाक मारू?