नऊ माणसांचा तक्ता

सोमवार, १५ सप्टेंबर

आज नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत रुजू झालो. कोराडीहून बर्डी, बर्डीहून दुसरी बस. नऊच्या कामाला साडेआठलाच पोचलो. खिडकीजवळची जागा मिळाली. चहा करणाऱ्या प्रेमिलाताईंनी न मागता चहा आणून ठेवला. आईला फोन करून हे सगळे सांगितले.

आमची कंपनी डेटाबेसचे सॉफ्टवेअर विकते. ते ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते, तिची नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात येते आहे. तोवर तिच्या कच्च्या प्रती येत राहतील. प्रत्येक प्रतीवर ४१२ चाचण्या चालवायच्या. ठरलेले उत्तर आले की चाचणी हिरवी, नाही तर लाल. एवढेच काम, पण ते नीट करणारा इथे कोणी दिसत नाही.

शेजारचा प्रशिक ‘आवृत्ती’ हा शब्द दर वेळी नव्या पद्धतीने चुकवतो. नमुन्यासाठी खोटी नावे रचायचाही या लोकांना आळस, म्हणून चाचणीच्या तक्त्यात स्वतःचीच नावे भरून ठेवली आहेत. तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या म्हणून प्रेमिलाताईंचेही आहे. नव्या माणसाने पेढे आणायचे आणि शेवटच्या ओळीत आपले नाव आपल्या हाताने टाइप करायचे, ही इथली प्रथा. पोरकट वाटली, पण ‘पियुष’ टाइप केले. ताई धरून खोलीत माणसे नऊ, तक्त्यात ओळी नऊ. पहिलीच चाचणी आहे: माणसे किती? उत्तर ९.

मंगळवार, १६ सप्टेंबर

४११ हिरव्या, एक लाल. माणसे किती, याचे उत्तर नव्या भाषेत ८ येते. प्रेमिलाताईंची ओळ तक्त्यात आहे, पण नवी भाषा तक्ता वाचते तेव्हा ती येत नाही. तीन तास तपासले. नावात काही चूक नाही.

आमच्या प्रमुख मयुरा मॅडमना दाखवले. त्यांनी खुर्ची वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

“काहून एवढं डोकं खपवून राहिला गा? आठ येऊन राहिले ना, मंग आठ लिही.”

चाचणीतले उत्तर बदलायचे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडायचे. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या मला हे कळते, पण डिग्रीवाल्या मॅडमना कळत नाही. मात्र नोकरी पक्की करायची की नाही हे त्यांच्याच हातात आहे, आणि इथून काढले तर मला दुसरीकडे कोण घेणार?

आठ लिहिले. सगळे हिरवे झाले.

बुधवार, १७ सप्टेंबर

चहा आला नाही. न सांगता सुटी घेतली असणार, असे मी प्रशिकला म्हणालो. कोणी, असे त्याने विचारले. प्रेमिलाताईंनी, म्हणालो. अशी कोणी बाई इथे कधी नव्हतीच म्हणाला. चहाचे मशीन दाखवले. त्याखाली भिंतीवर चहाचे डाग आहेत, कित्येक वर्षांचे वाटावेत असे.

या लोकांची गंमत करण्याची पातळी ही.

तक्ता उघडून पाहिला. त्यांची ओळ तिथेही नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

भाषेची दुसरी प्रत आली. उत्तर ७. प्रशिकची ओळ येत नाही.

त्याला सांगितले. तो पोट धरून हसला. “मी तुह्या बाजूले बसून राहिलो ना बे, मंग कायले भेतो?” मग दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जायचे म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवसाच्या सुटीचा अर्ज लिहीत बसला. अर्ज मला तपासायला दिला. चार चुका होत्या. दुरुस्त करून दिल्या.

मॅडमनी निरोप पाठवला. सोमवारी ग्राहकाला अहवाल दाखवायचा आहे. लाल दिसले तर पियुषने दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही.

प्रशिकला तसेही काही येत नव्हते. एक शब्द धड लिहिता येत नव्हता. असल्या माणसासाठी मी का —

सात लिहिले.

सोमवार, २२ सप्टेंबर

नवरात्र बसले. कोराडीची बस देवीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या भक्तांनी भरलेली, उभ्याने आलो.

शेजारी टेबल नाही. टेबल हलवले तर फरशीवर खूण राहते. इथे खूणही नाही. अर्जाची फाईल पाहिली, त्याचा अर्ज नाही. माझ्या दुरुस्त्यांचा कागदही नाही.

उत्तर पुन्हा आठ केले, नऊ केले. लाल. लाल. तो परत येत नाही. घाबरून सात केले. हिरवे.

मॅडमनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले. मला वाईट वाटायला हवे होते. बरे वाटले.

बुधवार, २४ सप्टेंबर

तिसरी प्रत. उत्तर ६.

सगळी नावे चार वेळा मोजली. शेवटची ओळ येत नाही. माझी.

सातला हात लावला नाही. लालच राहू दे. नोकरी जाऊ दे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

हजेरीचे मशीन अंगठा ओळखत नाही. मॅडमच्या समोर जाऊन बोललो, दोनदा. त्या माझ्या मागच्या भिंतीवरचे घड्याळ पाहत होत्या.

घरी आईने एकटीचेच फराळाचे ताट घेतले. हाक मारली. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

पण मी आहे. तिथे अजून सात लिहिले आहे. सात आहे तोवर —

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नवी मुलगी आली, रितिका. पेढे घेऊन. तक्त्यात नाव टाकायचे अजून बाकी आहे. माझ्या खुर्चीत बसली. मी खिडकीशी उभा राहून लिहितो आहे.

तिला लाल दिसले. हुशार आहे, हे लोक तिच्या पासंगालाही पुरणार नाहीत. एक ओळ वाचताना येत नाही, हे तिने तासाभरात शोधले. पियुष कोण, असे तिने मॅडमना विचारले.

विचार. पुन्हा विचार, रितिका.

मॅडमनी खुर्ची वळवली नाही.

“काहून एवढं डोकं खपवून राहिली वं? सहा येऊन राहिले ना, मंग —”

ती थांबली आहे. तिला पटत नाही. मलाही पटले नव्हते. मी ओरडतो आहे, टेबलावर हात आपटतो आहे, पेढ्याचा डबासुद्धा हलत —

तिने ७ पुसला.

रितिका, मी इथे आहे, तुझ्या बाजूला उभा रा