उसन्या नावाचा फुलबॅक

क्रिकलवुड, लंडन
८ मार्च १९५९

चि. डीलियास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि बाबांनी पाठवलेले लोकरी मोजे पोचले. आमच्या घरमालकीण होबनबाईंनी मोजे आधी हुंगून पाहिले आणि म्हणाल्या, की यांना अजून मेयोच्या मातीचा वास येतोय, धुवायचे नाहीत. बाई भाड्याला कडक, पण रविवारी सगळ्या संघाच्या जर्सी धुऊन स्वयंपाकघरात वाळत घालतात. सोमवारी आम्ही ओल्या बाह्यांखाली वाकून चहा पितो.

क्लब कसा निघाला म्हणून तू विचारलंस. अगं, पाच-सहा वर्षांपूर्वी प्रार्थना संपली की आपली माणसं चर्चच्या दारातच घुटमळायची. खोलीवर जाऊन करायचं काय? एका रविवारी कुणीतरी गावाकडून कोटाखाली आपल्या आयरिश फुटबॉलचा चेंडू घेऊन आला, त्यातून आमचा सेंट ब्रॅकन क्लब निघाला. मैदान गॅसच्या कारखान्यामागे आहे. गोलाचे खांब म्हणजे बांधकामावरच्या परांचीचे नळे. शनिवारी उचलायचे, सोमवारी काम सुरू व्हायच्या आत परत नेऊन ठेवायचे. मुकादमाला सगळं ठाऊक आहे, पण तोच आमचा गोलकीपर.

आता एक गोष्ट, बाबांना कळू देऊ नकोस. मी इथे पीटर रुअन आहे. हा लिट्रिमचा पोरगा क्लबात नाव घालून बॉस्टनला निघून गेला. त्याच्या नावावर मी फुलबॅक खेळतो, गोलकीपरच्या पुढ्यात. एका माणसाचं नाव एकाच क्लबात, हा आपला नियम. माझं खरं नाव दिलं तर बदलीचा कागद किलटर्मनला जाणार. तिथल्या क्लबाचे चिटणीस आपले बाबाच, म्हणजे त्यांनीच माझं नाव खोडायचं. गावच्या संघात नाव आहे तोवर मी परत येणार, असं ते धरून चालतात. आणि मी येणारच आहे. सप्टेंबरअखेर शेत न् गुरं माझ्या ताब्यात दे आणि डब्लिनला जाऊन खुशाल नर्स हो. दिलेला शब्द विसरलेलो नाही.

बाबांना सा. न. लोभ आहेच, तो समुद्राच्या अलीकडेही पोचू द्यावा.

तुझा,
मॅलकी


किलटर्मन, मेयो
१९ एप्रिल १९५९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा शाळेत क्लबाची सभा झाली. बाबांनी पंधरा नावं वाचली. खोलीत त्यातली निम्मीसुद्धा माणसं नव्हती, बाकीची तुमच्या लंडनला नाहीतर बर्मिंगहॅमला. फुलबॅक, मॅलकी टियरनन, असं वाचून बाबांनी स्वतःच हजर म्हटलं. कुणी हसलं नाही. एरवी हसायला टपलेल्या ओ'मॅलीनंसुद्धा नुसती टोपी काढली.

आता ऐक, तुझं बिंग फुटता फुटता राहिलंय. इथल्या पेपरात तुमच्या संघाचा फोटो आला. बाबा चष्मा पुसून पुसून बघत होते. खालची नावं वाचून म्हणाले, की हा रुअन पोरगा बरा दिसतो, उभा राहतो मात्र अगदी आपल्या मॅलकीसारखा. मी किटली भरायचं निमित्त करून बाहेर पडले. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. फोटो त्यांनी आईच्या तसबिरीमागे खोचून ठेवलाय.

हॉस्पिटलचा होकार आला, दादा. एक ऑक्टोबरपासून शिक्षण सुरू. मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, मॅलकी आला की जा, मी कुठे अडवतोय. त्यांच्याच्यानं आता एकट्यानं गुरं होत नाहीत, गुडघे पार गेलेत. तेव्हा तुझ्या येण्यावर माझं सगळं अडलंय. हे मात्र थट्टेत लिहीत नाही.

होबनबाईंना नमस्कार. थोरल्यानं धाकटीवर करायची ती माया करत राहावी.

तुझी,
डीलिया


क्रिकलवुड
२ ऑगस्ट १९५९

चि. डीलियास,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि मी गोत्यात आलो.

गेल्या रविवारी समोरच्या संघातला एक दांडगट खेळ संपल्यावर हात पसरून धावत आला. पीटर रुअन कुठाय म्हणाला, माझ्या मावशीचा मुलगा. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्यानं मला खालून वर पाहिलं. मी गडबडलो आणि तोंडातून निघून गेलं, की आईचे गुडघे आता बरे आहेत. तो म्हणाला, बरे असणारच, मावशीला जाऊन चार वर्षं झाली. आमचा गोलकीपर हसून हसून चिखलात बसला. पण दुसऱ्या दिवशी तक्रार गेली. लंडनच्या समितीनं दया केली ती एवढीच, की अंतिम सामन्याआधी खऱ्या नावाचा बदलीचा कागद आला तर क्लब राहील, नाहीतर संपूर्ण संघ बाद.

ही सगळी पोरं दिवसभर खंदक खणतात आणि रविवारची वाट पाहतात. माझ्यापायी त्यांचा रविवार जायला नको. बाबांची सही घेऊन कागद पाठव. त्यांना सांग, की नुसता कागदच आहे, ऑक्टोबरच्या आत मी येतोच आहे.

मुकादमानं मला पुढच्या महिन्यापासून हाताखाली माणसं द्यायचं ठरवलंय. हे आपलं सहज लिहिलं.

रागावलीस तरी माया कमी करू नये.

मॅलकी


किलटर्मन
११ ऑगस्ट १९५९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत सही केलेला कागद.

मी बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते धारा काढायला गेले. परत आले, हात धुतले, सही केली. मग म्हणाले, नुसता कागदच आहे म्हणतो ना, मग इतके दिवस दुसऱ्याचं नाव कशाला लावलं त्यानं? याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

हाताखाली माणसं मिळणार ते वाचलं. सहज लिहिलंस तसं मीही सहजच वाचलं.

जिंकून या. आमची आठवण असू द्यावी.

डीलिया


क्रिकलवुड
३१ ऑगस्ट १९५९

चि. डीलियास,
अ. उ. आ. वि. वि.

जिंकलो. एका पॉइंटानं.

सुरुवातीला कर्ण्यावरून नावं पुकारतात. फुलबॅक, मॅलकी टियरनन, किलटर्मन, असं ऐकू आलं आणि कडेच्या गर्दीतून आपल्याकडच्या बोलीत एक आरोळी उठली. बघतो तर अर्धं किलटर्मन तिथं उभं होतं. फ्लॅटलीची पोरं, शाळेमागची नोरा, तिचा नवरा. मला रडू फुटलं, सामना सुरू व्हायच्या आधी. इतकी वर्षं मी घराकडे जायची वाट बघत होतो, आणि माझं नाव घेऊन हाक मारणारी माणसं सगळी इथंच आली होती.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मला परत यायचं नाही, हे मला आतून ठाऊक होतं, आणि कागदावरून ते बाबांनाही कळेल म्हणून खोटं नाव लावलं. मला गावाची आठवण येते, डीलिया, इतकी की कधी कधी जेवण उतरत नाही. पण परत आलो तर रिकाम्या मैदानाकडे बघून काय करू?

तरी तुला शब्द दिलाय. तू सांग, मी येतो. एका ओळीचं पत्र टाक, बोटीत बसतो.

माझ्यावरचा लोभ आहे का, तेही लिहावं.

मॅलकी


किलटर्मन
१३ सप्टेंबर १९५९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेपरात तुझं नाव आलं. बाबांनी ते शेजारी जाऊन वाचून दाखवलं, मग ओ'मॅलीकडे, मग पाद्रीबाबांकडे. मला वाटलं होतं, चिडतील. अभिमानानं त्यांची मान ताठ झाली होती आणि संध्याकाळी ते जेवले नाहीत. दोन्ही खरं आहे.

हॉस्पिटलला मी नकार कळवला. त्यांनी गोड शब्दांत लिहिलं, की पुढे कधी जमलं तर पुन्हा अर्ज करा. मी खूप रडले, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझा रागही आला, तो अजून गेलेला नाही. थोडा वेळ लागेल.

काल गुरांच्या बाजारात एक गिऱ्हाईक बाबांना कालवडीची किंमत विचारायला लागलं. बाबांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, मला विचारू नका, शेत आता हीच बघते. किती सहज म्हणाले. मी किंमत सांगितली आणि सौदा केला.

तू लिहितोस, तू सांग, मी येतो. नाही सांगत. माझ्या सांगण्यावरून आलास तर रोज संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याकडे बघत बसशील. त्या रस्त्याकडे बघत बसणारी या घरात एकजण आहे, तेवढं पुरे.

लोभ आहे. विचारायला नको होतंस.

तुझी,
डीलिया