दशांशानंतरचे तीन आकडे

मंगळवार, २७ मे १९८६

शनिवारी इथे लिहिलं ते खोटं आहे. 'कमाल! दोन्ही पेशी एकमेकींचं ऐकून एका ठेक्यात आल्या' — असं लिहिलंय. कुणी कुणाचं ऐकलं नाही. मीच त्यांना एक करून टाकलं.

पेशी खऱ्या नव्हेत. मज्जापेशींची समीकरणं, कम्प्युटरमध्ये चालणारी. प्रत्येक आपल्या लहरीने ठिणगी टाकते — कधी लागोपाठ, कधी बराच वेळ गप्प. विद्यापीठातल्या माझ्या रहमान सरांचा प्रश्न असा: दोघींमध्ये किती बारीक धागा बांधला तर त्या एकदमच ठिणगी टाकू लागतील? माझ्या उत्तरात धागा इतका बारीक निघाला की सर खुर्चीतून उठले. "एलिझाबेथ, ये तो जुड़वाँ बहनें निकलीं!"

रमजानमुळे ऑपरेटर हमीद दुपारीच कम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावतो. "यल्ला सिस्टर, खलास!" — चला ताई, संपलं! गणित अर्धवट राहतं. म्हणून कागदावर छापून आलेले शेवटचे आकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टाइप करते आणि तिथून पुढे चालवते. पण कागदावर दशांशानंतर तीनच आकडे येतात; मशीनच्या पोटात पुष्कळ असतात. अशाच एका दुपारी दोघी योगायोगाने जवळ आल्या होत्या. कागदावर तर अगदी सारख्या! मी दोघींना तेच आकडे दिले. नियम एक, सुरुवात एक — मग वेगळ्या होतील कशा?

आज मधला धागा पार तोडून पाहिला. तरीही एकत्रच.

बुधवार, २८ मे

सरांना सांगितलं नाही. सरांचा रोजा होता, डोकं दुखत होतं. — हे काय कारण झालं?

शुक्रवार, ३० मे

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधली मिस्साही आजच. ती झाल्यावर पप्पा सगळ्यांना सांगत होते, "आमची बाय मेंदूचं गणित करते!" नॉर्मन अंकल म्हणाले, "मग आमच्या ग्रेसीचा मेंदू सोडवून दे बघू." ग्रेसी आंटी लगेच — "आधी तुमचा सापडू दे!" सगळे हसले. मीही हसले. लाज वाटली.

आम्ही इथे कतारला, दोह्याला आलो तेव्हा मला शाळेत जागा मिळाली नव्हती. पप्पा बंदराच्या ऑफिसातून येऊन जेवणाच्या टेबलावर मला गणित शिकवायचे. आधी ताळा, मग शाबासकी. या वेळी मी आधी शाबासकी घेतली.

मंगळवार, ३ जून

प्रोग्राम बदलला. आता मशीन सगळे आकडे स्वतःच ठेवतं. पहिल्यापासून पुन्हा चालवलं. तोच बारीक धागा. दोघी थोडा वेळ बरोबर चालतात, मग फुटतात. पुन्हा जवळ येतात, पुन्हा फुटतात.

आणि मी समोर बसून प्रार्थना करत होते — एकत्र या, एवढ्या वेळी या! म्हणजे देवाकडे काय मागत होते? चुकीचं उत्तर बरोबर ठरू दे? जेवण गेलं नाही.

गुरुवार, ५ जून

सरांच्या खोलीत गेले. "सर, एक बात..."

"ईद के बाद, इन्शाल्ला! पेपर टाइप हो गया है, छुट्टी के बाद जर्नल को भेज देंगे. अब घर जाओ. अपने पापा को सलाम कहना."

"जी सर."

बाहेर आले. जिन्यात मनाशी म्हटलं, मी गप्प आहे ती सरांसाठी. त्यांचा विषय, त्यांचं नाव; माझ्या टायपिंगपायी चार लोकांत त्यांचं हसं का व्हावं? म्हटलं आणि एकदम हलकं वाटलं. ते हलकं वाटणंच मला आवडलेलं नाही.

रविवार, ८ जून. ईद

पप्पांनी सरांना 'ईद मुबारक' करायला फोन केला होता. फोन ठेवून आले ते डोळे पुसतच. "बाय, पेपरवर तुझं एकटीचं नाव आहे! सरांनी स्वतःचं काढून टाकलं. म्हणाले, काम बच्ची का है."

म्हणजे तिथे वाचवायला सरांचं नाव नव्हतंच.

सुट्टी मंगळवारी संपते. बुधवारी, ११ जूनला, ऑफिस उघडताच सरांना सगळं सांगायचं.